बरं शे म्हणणारी दिवालीबाई

शिरपूरच्या बाजारात दिवालीबाईशी घासाघीस करायला भलेभले व्यापारी घाबरतात. कुणी तिच्या चारोळीत हात घालून नाक मुरडलं की झालंच! "हात धुयेल शे का तुना? मंग काढ भाईर!" असं ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडते आणि मग त्या बापड्याला चारोळी घेतल्याशिवाय सुटका नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी टेंभरपाडा म्हणून कुडाच्या घरांची वस्ती आहे, तिथली ही बाई. नवरा, वना, गुजरातेत मजुरीला, होळीला तेवढा घरी येतो. बाकी वर्षभर पावसावरची जमीन, मोहाची फुलं, चिंच, डिंक आणि तिची जीभ यांवर घर चालतं. न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत, बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

पण या तोंडाळ बाईच्या तोंडाला एका गोष्टीपुरतं कुलूप होतं. घरातल्या दुखण्याबद्दल विचाराल तर एकच उत्तर. "बरं शे."

तिचा मुलगा मंगा तापाने फणफणलेला असो की पाय ओढत चाललेला असो, बरं शे. मंगाला सिकलसेल आहे. त्या पाड्यांमध्ये हा आजार घरोघरी, रक्तातूनच आलेला. चांगले दिवस असले की हा तरुण पोरगा चार माणसांसारखा दिसतो, हसतो, शेळ्या वळतो. दुखणं उठलं की हाडं कुणीतरी आतून ठेचत असल्यासारखा गडाबडा लोळतो. या दुखण्यानेच त्याचा एक खुबा कायमचा बिघडलाय. पण याचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही. दुखण्याला कान असतात, नाव घेतलं की ते उंबऱ्याबाहेर बसलेलं आत येतं, असं त्या भागातले जुने लोक मानतात. आता कुणी म्हणेल, खुळचट समजूत. म्हणा बापडे! इतर लोक मानायचे तेवढ्यापुरतं मानायचे. दिवालीबाईने मात्र ते डोळ्यांनी बघितलं होतं.

मंगाच्या पाठची एक मुलगी होती तिला. मोहिनी. तिलाही हेच दुखणं. एकदा हातपंपावर हंडा भरताना शेजारची वच्छलाबाई म्हणाली, पोर दिसत नाही गं तुझी? आणि दिवालीबाईला राहवलं नाही. कितीतरी रात्री जागलेली बाई ती. हंडा तिथेच ठेवून तिने रडत सांगितलं, "पोरनं दुखनं आते देखवत नही, माय." मन मोकळं करून ती घरी आली आणि त्याच आठवड्यात मोहिनी गेली.

डॉक्टर म्हणाले रक्त कमी पडलं. दिवालीबाईने ते ऐकून घेतलं आणि मनात पक्कं धरलं की आपल्या जिभेने पोर खाल्ली. त्या दिवसापासून मोहिनीचं नावसुद्धा तिने तोंडातून काढलं नाही. मंगालाही तिने तेच शिकवलं. कुणी विचारलं तर बरं शे म्हणायचं. दुखलं तर फडकं चाव, पण बोलू नको.

मंगाला अपंगाचा दाखला मिळाला तोही न बोलताच. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला झोळीत घालून नेलं होतं, रक्ताच्या बाटल्या चालू होत्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्वतःहून कागद केला आणि अपंगत्वाचे टक्के भरपूर लिहिले. त्या दाखल्यावर महिन्याला थोडी पेन्शन आली, एसटीची सवलत आली. सवलतीमुळे मायलेक दर महिन्याला धुळ्याला जाऊ लागले. गोळ्या, रक्ताची तपासणी, लागलं तर बाटली. पोरगा बराच सावरला. पण दाखला ठरावीक मुदतीचा होता. मुदत संपली की पुन्हा डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं, पुन्हा टक्के ठरवून घ्यायचे.

तर हे दोघं बोर्डापुढे गेले. आता धुळ्याला जायचं म्हणजे काय साधी गोष्ट? साहेबांपुढे धड दिसायला नको? दिवालीबाईने मंगाला नदीवर चोळून आंघोळ घातली, डोक्याला तेल चोपडलं, होळीचा नवा शर्ट घातला. स्वतः चांदीचे वाळे घालून निघाली. दिवसही चांगला बघून निवडला होता. वाईट दिवशी पोरगा एसटीत बसूच शकत नाही, मग जाणार कसा?

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय त्रास होतो?"

"काही नही, सायेब. बरं शे."

"काम करतोस?"

"करस ना!" मंगा ताठ उभा राहून म्हणाला. दिवालीबाईने मागून अभिमानाने मान डोलावली. पोरगा लंगडलासुद्धा नाही. तिनेच सांगितलं होतं, साहेबासमोर पाय नीट टाक.

नवा दाखला आला त्यावरचे टक्के निम्म्याहूनही खाली उतरलेले. आणि या बाईने काय करावं? तिने नारळ फोडला! सगळ्या पाड्यात गूळ वाटला. "टक्का उतरनात! मना पोऱ्यानं दुखनं उतरनं!" असं सांगत ती घरोघर फिरली. टक्के म्हणजे दुखण्याचं माप, माप उतरलं म्हणजे दुखणं उतरलं, यापेक्षा सरळ हिशोब कुठला? तिच्या आनंदात कुणी माती कालवली नाही. कालवणार तरी कोण, बाकीच्या घरांतही असेच टक्के उतरले होते आणि तिथेही नारळ फुटले होते.

पुढच्या महिन्यात कंडक्टरने सवलत नाकारली. पेन्शन आली नाही. पाड्याची आशा कार्यकर्ती बेबाबाई धावत आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बये, चाळीसच्या खाली गेलं की सगळं बंद होतं! गूळ कसला वाटलास?"

दिवालीबाईने आतून दाखला आणून तिच्यापुढे धरला, कुठं लिहिलंय ते दाखव म्हणून.

त्यानंतरचे दिवस सांगवत नाहीत. दोघांचं भाडं आणि बुडालेली मजुरी जुळवायची तर दर महिन्याची फेरी दोन-तीन महिन्यांवर गेली. गोळ्यांत खंड पडला. दुखणं आधी पाहुण्यासारखं यायचं, आता मुक्कामालाच आलं. मंगाने फडकं चावून चावून त्याच्या चिंध्या केल्या. दिवालीबाई बाहेर येऊन भांडी घासायची, जोरजोरात घासायची, आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तोंड दाबणारा हातही तिचाच!

अशात एक दिवस ज्योत्स्ना आली.

ही मुलगी मूळची पहूरची, केळी-कपाशीवाल्या शेतकऱ्याची लेक. जळगावला संख्याशास्त्र शिकली आणि धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कंत्राटावर लागली. काम काय, तर जिल्ह्यातल्या सगळ्या अपंग दाखल्यांची माहिती कॉम्प्युटरवर लावायची आणि टक्के ठरवण्यात कुठे गडबड होतेय का ते आकड्यांतून शोधायचं. बेबाबाईबरोबर ती चढ चढून आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली. दिवालीबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतकी हडकुळी पोरगी आणि म्हणे सरकारी!

"अक्का, मंगा कसा आहे?"

"बरं शे. झोपेल शे. काल बाजारमा गयथा, थकी गया."

ज्योत्स्नाने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही बाजार करता ना? एक विचारते. एका तराजूवर डोंगरातल्या बायकांचा माल दर वेळी कमी भरतो आणि खालच्या गावांतल्या बायकांचा तोच माल बरोबर भरतो. तुम्ही संशय कुणावर घ्याल?"

"तराजूवर!" दिवालीबाई तडकली. "फेकी देसू तो तराजू!"

"बघा, मलाही तराजूचाच संशय आला. आमच्या साहेबांना मालाचा आला."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. तिने सिकलसेलचे सगळे दाखले गाव लावून मांडले होते. खालच्या गावांतल्या लोकांचे टक्के दुसऱ्या तपासणीत होते तसेच होते. पायथ्याच्या पाड्यांतले लोक मात्र एकामागून एक बरे होत चालले होते. तिने डॉक्टरांना विचारलं, हा आजार बरा होतो का? ते म्हणाले, नाही. मग हे बरे कसे झाले? वरच्या साहेबांचं उत्तर तयार होतं. आधीचे दाखले खोटे असतील, रद्द करून टाका! ज्योत्स्नाने हातापाया पडून थोड्या लोकांची फेरतपासणी मान्य करून घेतली होती. त्यात मंगाचं नाव होतं. "पण अक्का, या वेळेला पुन्हा 'बरं आहे' असंच निघालं, तर साहेब फाईल बंद करणार. मग मंगाचा दाखला कायमचा गेला. माझ्या हातात पुढे काही राहणार नाही."

दिवालीबाई काही बोलणार तोच आत धपकन आवाज झाला.

ती उठायच्या आत ज्योत्स्ना आत गेली होती. मंगा खाटेवरून खाली पडला होता. दातात फडकं, डोळे बाहेर आलेले, मातीत बोटं रुतवलेली. घशातून आवाज येत होता तो माणसाचा वाटत नव्हता. ज्योत्स्ना दारातच थिजली. कॉम्प्युटरवर या मंगाच्या नावापुढे तिने स्वतः वाचलं होतं, त्रास नाही, काम करतो.

"अक्का, अहो हे... हे तुम्ही तिथे का सांगत नाही?" तिला रडू फुटलं. "त्याला इतकं दुखतंय आणि..."

"चूप!" दिवालीबाई तिच्या अंगावर धावली. "मना घरमा त्यानं नाव काढू नको! निंघ! निंघ आठून!" तिने त्या पोरीला दंडाला धरून ओट्याखाली ढकललं, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

बेबाबाईने उतरताना ज्योत्स्नाला मोहिनीची गोष्ट सांगितली. ज्योत्स्ना वाटेतच दगडावर बसली. तराजू तर चुकीचा होताच, पण ही माणसं मालच तराजूत टाकत नव्हती, झाकून घरी परत नेत होती. आणि का नेत होती ते कुठल्या आकड्यात येणार? तिने बेबाबाईला एवढंच सांगितलं, "मी बोर्डाच्या खोलीत असेन, पण मला बोलायची परवानगी नाही. बोलावं लागेल ते त्यांनाच."

इकडे दिवालीबाईच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. बोलावं तर पोरगा मरेल. मोहिनी मेली तसा मरेल. न बोलावं तर धुळ्याची वाट बंद, गोळ्या बंद, रक्त बंद. तेव्हाही मरेल. इकडे आड, तिकडे विहीर! ती रानात जाऊन देवाच्या झाडाखाली बसली. कोंबडं कबूल केलं, बोकड कबूल केला. देवाला म्हणाली, तू तर बठ्ठं जाणतोस, तूच जाऊन सांग त्या साहेबाला. मग रागाच्या भरात देवाला शिव्याही घातल्या. तुला काय, तुझी लेकरं दगडाची! झाडावरून एक पान पडलं. तिने त्याचा कौल लावायचा प्रयत्न केला, पण पान ना उजवं पडलं ना डावं, पुढ्यात पडलं. ती उठून घरी आली.

तपासणीचा दिवस उजाडला तो मंगाला थोडा उतार पडलेला. सवयीने तिने तेलाची बाटली घेतली, होळीचा शर्ट बाहेर काढला. बेबाबाईने मध्ये पडून शर्ट हिसकावला, तरी दिवालीबाईने तो घातलाच. पोराला फाटक्यात नेणं तिच्या हातून होईना.

धुळ्यात बोर्डाच्या खोलीबाहेर माणसांची ही गर्दी. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, मांडीवरची पोरं. नाव पुकारलं तसे दोघं आत गेले. टेबलामागे पोक्त डॉक्टर, कोपऱ्यात भिंतीला लागून ज्योत्स्ना. तिने दिवालीबाईकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

"हं. काय त्रास?"

मंगाने आईकडे बघितलं. आईचे ओठ हलले नाहीत. मग तो ताठ झाला आणि म्हणाला, "काही नही सायेब. बरं शे."

"काम करतोस?"

"करस ना."

डॉक्टरांनी पेन उचललं. ज्योत्स्नाने डोळे मिटले.

दिवालीबाईला ते पेन दिसत होतं आणि पेनामागे हातपंप दिसत होता, तिथे अर्धा भरलेला हंडा. आता झालंच, साहेबाने लिहिलं की दारातून बाहेर पडायचं आणि पोराला घरी नेऊन मरायला ठेवायचं. तिने मंगाच्या पायाकडे बघितलं. साहेबासमोर नीट उभं राहायचं म्हणून त्याने बिघडलेल्या खुब्यावर भार दिला होता आणि तो पाय थरथर कापत होता.

"खोटं सांगस तो!"

बाजारातला आवाज होता तो. बाहेरच्या गर्दीनेसुद्धा माना वळवल्या.

"खोटं सांगस, सायेब! मीच शिकाडेल शे त्याले! बरं नही शे! मना पोऱ्याले बरं नही शे!" तिने टेबल दोन्ही हातांनी धरलं. "दुखनं उनं का खाटवरथीन पडस. दातमा फडकं धरस, मी आयकाले नको म्हनीसन. आन मी मुडदी, भाईर भांडा घासत बसस! त्याना पाय देखा. त्याले उभं ऱ्हावता येत नही, मीच सांगं नीट उभा ऱ्हाय. मनी आंडेर बी अशीच गई. तिनं नाव मोहिनी व्हतं. मोहिनी! बठ्ठं लिखी ल्या, सायेब. काय व्हई ते व्हवो, लिखी ल्या!"

एवढं बोलून ती मंगाकडे वळली आणि त्याला घट्ट धरून उभी राहिली. जणू आता या क्षणीच कुणीतरी त्याला तिच्या हातून ओढून नेणार होतं.

मंगा आईच्या तोंडाकडे बघत होता. बहिणीचं नाव तिच्या तोंडून त्याने इतक्या वर्षांत आत्ता ऐकलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि मंगाला म्हणाले, "आडवा हो." खुब्याला हात लावला तसा मंगा किंचाळला, आणि त्याने स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला. डॉक्टरांनी तो हात हळूच बाजूला केला. खुब्याचा एक्स-रे लिहून दिला, रक्ताची तपासणी लिहून दिली. टक्क्यांचं काही बोलले नाहीत. "रिपोर्ट बघून ठरवू," एवढंच म्हणाले. मग कोपऱ्यात बघून विचारलं, "मॅडम, पाड्यांवरचे बाकीचेही असंच सांगतात का?"

"सगळे, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "आपण चांगल्या दिवशी विचारतो, कसं आहे म्हणून. ते चांगलंच सांगतात. मागचं दुखणं आलं तेव्हा काय काय करता येत नव्हतं, असं घरच्यांना विचारायला हवं. नाहीतर आपले आकडे असेच चुकत राहणार."

"लिहून द्या मला," डॉक्टर म्हणाले. वरचे साहेब ते मानतील की नाही, हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर ज्योत्स्नाने दिवालीबाईचा हात धरला. दिवालीबाईने तिला दूर केलं नाही. पोराचा दाखला वाचला की पोरगा गेला, तिला काहीच कळत नव्हतं. एक्स-रे होईपर्यंत ती त्याचा श्वास बघत बसली. छाती वर जातेय, खाली येतेय. एसटीतही तेच. त्याने डोळे मिटले की ती त्याच्या नाकापुढे बोट धरायची. तो वैतागला, "माय, जित्ता शे मी!" तरी तिचं बोट मागे जाईना.

सोनगीर मागे पडलं. खड्ड्यात गाडी आदळली आणि मंगाने ओठ चावला. हात खिशाकडे गेला, फडक्यासाठी. मग थांबला. खिडकीबाहेर बघत, अगदी हळू म्हणाला, "माय, दुखस. सांगू का?"

दिवालीबाईने सवयीने पदर उचलला, त्याच्या तोंडावर धरायला. तो हात तसाच हवेत राहिला. मग तिने पदर आपल्याच तोंडात कोंबला आणि मान हलवली. सांग.

तो सांगू लागला. खुब्यातलं, पाठीतलं, हातापायांच्या बोटांतलं. शेळ्यांमागे जाताना उठलेलं, होळीत नाचताना उठलेलं, ती बाहेर भांडी घासत असतानाचं. लहानपणी मोहिनी आणि तो एकाच गोधडीत फडक्याचं एकेक टोक चावायचे तेही सांगितलं. दिवालीबाई ऐकत होती. तापीचा पूल आला, तरी त्याचं सांगून संपलं नव्हतं.